वानगी आणि माल



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा मी त्यांना प्रथम हेच विचारले की, आपण घर तर चुकला नाहीत ना? माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढे जे काही शिकलो, ते जिल्हा वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या वऱ्हांड्यात. गेली तीस वर्षे मी विड्या वळणाऱ्या बायका आणि पाठीवर पोती वाहणारे हमाल यांच्यात वावरलो. अशा माणसाने आज आपल्यापुढे चित्रणाच्या धंद्यावर बोलावे, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. माझ्या फोनवर मी फोटो काढला, तर निम्म्या फोटोंत माझा स्वतःचाच अंगठा असतो.

तरीही हा विषय मी हट्टाने मागून घेतला. विषय असा आहे: चित्रण करणाऱ्या माणसाने आपले काम होऊ घातलेल्या गिऱ्हाइकाला दाखवायचे कसे, की ते दाखवलेही जावे आणि हातचे जाऊही नये? वरवर पाहता हा यंत्राचा प्रश्न दिसतो. माझ्या मते तो मजुरीचा प्रश्न आहे, आणि मजुरीबद्दल बोलण्याचा थोडासा अधिकार मी कमावला आहे.

आरंभी एक हकीकत सांगतो. तोफखान्यातल्या आमच्या एका जुन्या सभासद बाईंचा मुलगा चित्रणाचा धंदा करतो. लग्ने, बारशी, साखरपुडे, कधी एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन. आईने विड्या वळून त्याला शिकवले. कॅमेरा त्याने कर्ज काढून घेतला. मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका संस्थेने त्याला सांगितले, "आमच्यावर तीन मिनिटांची चित्रफीत करून दाखव. पसंत पडली तर वर्षभराचे काम तुलाच." पोराने पंधरा दिवस घालवले. पहाटेच्या उजेडासाठी चार दिवस तीनला उठला. उडता कॅमेरा भाड्याने आणला. फीत तयार झाली, ती त्याने व्हॉट्सअॅपवर जशीच्या तशी पाठवून दिली. संपूर्ण, स्वच्छ, कुठे नावाची खूणसुद्धा नाही. चार दिवसांनी उत्तर आले, "साहेबांना नाही आवडली." पोरगा गप्प बसला. महिन्याभराने त्या संस्थेचा समारंभ झाला. मोठ्या पडद्यावर फीत लागली, ती याचीच. शेवटची नामावळी तेवढी कापलेली होती.

तो माझ्याकडे आला, बरोबर आई होती. मी त्याला कायदा, पोलीस, वकील असे काहीबाही सांगू लागलो. आई मध्येच म्हणाली, "भाऊ, एवढं काय त्यात? ही तर छाटच झाली की!"

मंडळी, तीस वर्षे मी ज्या शब्दाशी भांडलो, तो शब्द त्या अक्कांनी माझ्यापुढे ठेवला, आणि मी ओशाळलो. ज्यांना विडीचा धंदा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बाई घरी बसून हजार विड्या वळते आणि कारखान्यात नेऊन देते. तिथे तपासणारा बसलेला असतो. तो त्यातल्या काही विड्या बाजूला काढतो: ही सैल, ही आखूड, हिचे पान फाटके. ही झाली छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. वाईट मालाची मजुरी नाही, इथपर्यंत एक वेळ समजू. पण ती छाट बाईला परत मिळे काय? नाही. ती मालकाकडेच राही आणि पुष्कळदा तीही विकली जाई. नापसंत म्हणून पैसे नाहीत, आणि पसंत असल्यासारखा विकायला माल मात्र तयार! या अन्यायावर विडी कामगारांनी वर्षानुवर्षे झगडा केला. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा छाटीचा तंटा कोणी मिटवायचा हे त्यात लिहिले गेले. पुढे नियमांत छाट शेकडा किती काढता येईल, यालाही हद्द घातली गेली.

विडीच्या बाबतीत मालकाला निदान एवढे म्हणता येई की, पान माझे, तंबाखू माझी. या पोराच्या बाबतीत कॅमेरा त्याचा, भाडे त्याचे, पेट्रोल त्याचे, झोप त्याची. तरी छाट निघाली आणि तीही शंभर टक्के.

आता या गोष्टीच्या मुळाशी जाऊ. आपल्या बाजारात एक जुना शब्द आहे, वानगी. शेतकरी ज्वारी घेऊन अडत्याकडे जातो, तेव्हा पोत्यातून मूठभर दाणे काढून दाखवतो. अडत्या ते तळहातावर घेतो, फुंकतो, दाताखाली धरतो आणि भाव बोलतो. ही वानगी झाली. भाव पटला, वजन झाले, पट्टी हातात आली म्हणजे पोते हलते. तो माल झाला. कोणताही शहाणा शेतकरी वानगी म्हणून सबंध पोते अडत्याच्या घरी टाकून येत नाही. "दादा, बघा, पसंत पडली तर पैसे द्या," असे सांगून तो गावी परतला, तर त्याची बायको त्याला घरात घेईल काय?

आणि आमची शिकलीसवरलेली, हजारो रुपयांची यंत्रे हाताळणारी मुले रोज नेमके हेच करीत आहेत. याचे कारण ती मूर्ख आहेत असे नव्हे. ज्वारी दिली तर आपले पोते हलके होते, म्हणून दिल्याची जाणीव राहते. चित्रफितीचे तसे नाही. ती दुसऱ्याला पाठवली तरी आपल्याजवळची तितकीच राहते. आपले काही गेले असे वाटतच नाही. म्हणून वानगी कुठे संपली आणि माल कुठे सुरू झाला, हे पाठवणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

या धंद्यातल्या आद्य पुरुषाकडे पाहा. दादासाहेब फाळके हे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. 1912 साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायचा तर भांडवल पाहिजे, आणि भांडवलवाला विचारणार, हे तुला जमेल कशावरून? फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचे चित्रण करीत राहिले. बी रुजते, कोंब फुटतो, वेल चढू लागतो, हे सगळे पडद्यावर मिनिटाभरात दिसे. 'अंकुराची वाढ' म्हणून ती छोटी फीत प्रसिद्ध आहे. ती त्यांनी निवडक माणसांना दाखवली, आणि त्यातून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्याकडून कर्जाची सोय झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. पुढच्या वर्षी, 1913 साली, 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

या गोष्टीत माझ्या मते तीन धडे आहेत. पहिला, फाळक्यांनी वानगी म्हणून 'हरिश्चंद्र' काढून दाखवला नाही. वाटाण्याचे रोप दाखवले. आपले कसब दिसेल एवढेच दाखवले, आपला माल राखून ठेवला. दुसरा, ज्यांना दाखवायचे ती माणसे निवडली. तिसरा, त्या काळात पडद्यावर दाखवणे आणि फीत हातात देणे या दोन गोष्टी आपोआप वेगळ्या होत्या. पाहणारा पाहून घरी जाई. फीत डब्यातच राही. आज दाखवणे आणि देणे ही एकच क्रिया होऊन बसली आहे. यंत्राने त्या दोन गोष्टींची गाठ मारली. ती गाठ आपल्याला हाताने सोडवावी लागणार. माझे सारे सांगणे एवढेच आहे, बाकीचा तपशील.

तो तपशील मी या धंद्यातल्या पोरांकडून शिकलो. तो माझ्या भाषेत सांगतो.

सर्वांत उत्तम, समोर बसून दाखवा. आपला लॅपटॉप घ्या, गिऱ्हाइकाच्या दुकानी किंवा कचेरीत जा, फीत लावा. त्याचा चेहरा पाहायला मिळतो, कुठे त्याने मान हलवली आणि कुठे घड्याळ पाहिले ते कळते, आणि फीत आपल्याच पिशवीतून परत येते. शेवगावहून नगरला यायला एस्टीचे भाडे पडते खरे. पण ते भाडे पंधरा दिवसांच्या मजुरीपुढे काहीच नाही.

जाणे शक्य नसेल तर पाठवावे लागते. तेव्हा फाईल पाठवू नका, दुवा पाठवा. आपली मुले ज्याला लिंक म्हणतात तो. फाईल पाठवली की ती पलीकडच्या फोनमध्ये कायमची जाऊन बसते, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवली तर दाबली जाऊन तिची कांतीही उतरते. म्हणजे कामही वाईट दिसते आणि हातचेही जाते. लिंकने फीत आपल्याच ताब्यातल्या जागी राहते, पाहणारा तिथे येऊन पाहतो. त्या जागेला परवलीचा शब्द घालता येतो. उतरवून घेण्याची, म्हणजे डाउनलोडची, वाट बंद करता येते. अमुक दिवसांनंतर दार आपोआप मिटेल अशी मुदत घालता येते, आणि मन पालटले तर त्याच क्षणी लिंक रद्द करता येते. परवलीचा शब्द लिंकच्या त्याच निरोपात लिहू नका. तो फोन करून तोंडी सांगा. किल्ली कुलपालाच अडकवून ठेवल्यावर कुलूप कशाला?

पाठवायची ती फीत मोठ्या पडद्यावर चालेल अशी पाठवू नका. फोनवर आणि छोट्या पडद्यावर बरी दिसेल इतक्याच बारकाव्याची काढा. तीन मिनिटांची असेल तर चाळीस सेकंदांची वानगी पाठवा. शितावरून भाताची परीक्षा होते, तिला अख्खे पातेले लागत नाही.

आणि फितीवर खूण घाला. नोटेवर जलचिन्ह असते, तसे. ते कोपऱ्यात घालू नका. कोपरा कापायला दोन मिनिटे लागतात. मधोमध, फिकट, पण वाचता येईल असे घाला, आणि त्यात केवळ आपले नाव घालू नका. ज्याला पाठवता त्याचे नाव आणि तारीख घाला: 'अमक्यांना पाहण्यासाठी, अमुक दिनांक'. तिघांना पाठवायची असेल तर तीन वेगळ्या खुणांच्या तीन फिती करा. खूण चोरी थांबवीत नाही. पण चोरी कोणत्या घरातून झाली ते सांगते. 2016 साली 'उडता पंजाब' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित होण्याच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर फुटला. त्या फुटलेल्या प्रतीवर 'सेन्सॉरसाठी' अशी इंग्रजी खूण होती. चोरी थांबली नाही. पण ही प्रत कोणत्या वाटेची, हे पहिल्याच दिवशी साऱ्या देशाला कळले. ज्या चित्रपटामागे कोट्यवधी रुपये आणि वकिलांची फौज होती, त्याची ही गत. मग आपल्या पोरांनी किती सावध असले पाहिजे!

आता कोणी म्हणेल, अहो, लिंकवर चाललेली फीत दुसऱ्या फोनने पडद्यावरून टिपून घेतली तर? मग तुमची कुलपे कुठे गेली? खरे आहे. जे डोळ्यांना दिसते ते टिपता येते, याला जगात उपाय नाही. कुलूप हे दरोडेखोरासाठी नसतेच; सहज हात लांबवणाऱ्या सभ्य माणसासाठी असते. आणि माझा अनुभव असा आहे की, आपल्या जिल्ह्यात दरोडेखोर थोडे; सहज हात लांबवणारे सभ्य पुष्कळ. फीत आयती, स्वच्छ, बिनखुणेची हाती आली म्हणून ती लागली. खूण असती तर भर सभेत ती लावण्याची कोणाची छाती झाली नसती.

यंत्राची गोष्ट झाली. आता कागदाची.

त्या पोराच्या वतीने मी त्या संस्थेत गेलो. जुन्या सवयीने चार शब्द चढ्या आवाजात बोललो. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "कुठे लिहिले आहे?" मी गप्प झालो. विड्या दिल्या की कार्डावर नोंद झाल्याशिवाय ओट्यावरून उठायचे नाही, हे ज्या माणसाने तीस वर्षे हजारो बायकांना शिकवले, त्याच्या हातात कागद नव्हता. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

मग मी कायद्याचे पुस्तक काढले. ग्रंथस्वामित्वाचा, ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो त्याचा, आपला कायदा 1957 सालचा. त्याच्यातली दोन कलमे प्रत्येक चित्रणवाल्याने भिंतीवर लावावीत. एक, कलम 17. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्रफीत केली, तर उलट करार नसेल तेव्हा तिचा पहिला मालक तो काम सांगणारा होतो, करणारा नव्हे. पुष्कळ पोरांना हे ऐकून धक्का बसतो. पण याची दुसरी बाजू पाहा: मोबदला ठरलाच नाही, आपल्या पदरच्या खर्चाने, आपल्या जबाबदारीवर केवळ वानगी म्हणून फीत केली, तर ती करणाऱ्याची. नापसंत म्हणणाऱ्याचा तिच्यावर हक्क उरत नाही. दुसरे, कलम 19. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लिहून आणि सही करून द्यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिले नसेल, तर पाच वर्षे धरली जातात. 'घ्या हो, वापरा' असे तोंडी म्हटल्याने मालकी जात नाही. या हक्काचा जाणूनबुजून भंग करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तो दखलपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिला आहे.

पण चित्रफीत वेगळी आणि नुसती कल्पना वेगळी. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच सांगून ठेवले आहे. तेव्हा कल्पना सांगायला जाताना अधिक जपावे लागते. या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयातले दोन खटले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला 2003 सालचा. सनडायल नावाच्या कंपनीने बाळकृष्णावरच्या मालिकेची कल्पना झी वाहिनीपुढे मांडली होती. तिने आधी ती कागदावर नीट उतरवली होती आणि चित्रपट लेखकांच्या संघटनेत तिची नोंद केली होती. पुढे वाहिनीची तशाच धर्तीची मालिका येऊ लागली, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने मालिकेला मनाई केली आणि अपिलातही ती कायम राहिली. कल्पना मोकळी असली, तरी तपशीलवार रचलेली आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याने परस्पर वापरू नये, असा त्याचा आशय.

दुसरा 2021 सालचा, 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाचा. एका लेखकाचे म्हणणे असे होते की, आपण या संस्थेला पाठवलेल्या कथेवरूनच हा चित्रपट निघाला. न्यायालयाने चित्रपट थांबवायला नकार दिला. झोंबींच्या कल्पनेवर कोणाचा मक्ता नाही. आणि विश्वासभंग झाला म्हणायचे, तर नेमकी कोणती गोष्ट गोपनीय म्हणून दिली होती, ती बोट ठेवून दाखवता आली पाहिजे, असा निकालाचा रोख होता. कोणाची बाजू खरी, हे ठरवायला मी बसलेलो नाही. आपण धडा घ्यावा तो असा की, न्यायालयापुढे हळहळ चालत नाही. काय दिले, केव्हा दिले, कोणत्या अटीवर दिले, हे दाखवावे लागते.

म्हणून वानगीबरोबर चार ओळींची चिठ्ठी जाऊ द्या. तिला वकील लागत नाही. "ही चित्रफीत केवळ पाहून निर्णय घेण्यासाठी पाठवीत आहे. ती इतरांना देऊ नये व कोठेही लावू नये. काम ठरल्यास अमुक रक्कम इसार, व उरलेली रक्कम मिळताच संपूर्ण फीत देईन. न ठरल्यास ही फीत वापरू नये." ही चिठ्ठी ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. "पाहिली, अटी मान्य," एवढे दोन शब्द उलट टपाली मागून घ्या, मगच परवलीचा शब्द सांगा. आणि कॅमेऱ्यातले मूळ कच्चे चित्रण कधीही पुसू नका. पक्की फीत दोघांजवळ असू शकते. कच्चे चित्रण ज्याने कष्ट केले त्याच्याजवळच असते. शेतात कोण राबला हे खळ्यावरच्या दाण्यावरून कळत नाही. हातावरच्या घट्ट्यांवरून कळते. कच्चे चित्रण म्हणजे ते घट्टे.

इथवर मी चित्रण करणाऱ्याची बाजू घेतली. आता त्याला दोन शब्द ऐकवतो, कारण हक्क सांगणाऱ्याने कर्तव्य विसरू नये, हे आम्ही संघटनेतही सांगतो. बाबांनो, नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय दाखवता? पुष्कळदा जुन्या गिऱ्हाइकाचे लग्न. त्या फितीत कोणाची लेक पाठवणीच्या वेळी रडत असते, कोणाची म्हातारी आजी अंथरुणावरून आशीर्वाद देत असते. ते काम तुमचे. पण तो चेहरा आणि ते अश्रू तुमचे नव्हेत. आत्ता सांगितलेल्या कलमाप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या फितीचा हक्कही बहुधा त्या घराचाच असतो. तेव्हा त्यांना विचारल्यावाचून ती दहा ठिकाणी पाठवू नका. काम घेतानाच विचारून, लिहून घ्या की यातली दोन मिनिटे मी इतरांना दाखवू का. माणसे आनंदाने होकार देतात. ज्यांनी नाही म्हटले, त्यांचा मान राखा. जो दुसऱ्याची ठेव जपतो, त्यालाच आपली ठेव जपा असे म्हणता येते.

आता एक कबुली देतो. ती दिल्याशिवाय या व्यासपीठावरून उतरलो, तर मला रात्री झोप येणार नाही.

त्या संस्थेतून हात हालवीत परतल्यावर पोरगा मला म्हणाला, "काका, राग मानू नका. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्या मेळाव्याच्या वेळी तुम्हीही चौघांना फीत करून दाखवा म्हणाला होता. एकाला काम दिलंत. बाकीच्या तिघांच्या फितींतले तुकडे त्यात लागले होते. एक तुकडा माझा होता." मी कचेरीत जाऊन ती फीत पुन्हा लावली. तो म्हणाला ते खरे होते. पावसात भिजत चाललेल्या आमच्या मोर्च्याचे ते दृश्य. साऱ्या फितीत सर्वांत चांगले. कोणी जाणूनबुजून केले असे नाही. चार फिती आयत्या आल्या होत्या, ज्याला काम दिले त्याला 'यातलेही काही घे' असे कोणीतरी म्हटले, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. छाटीविरुद्ध आयुष्यभर घोषणा देणाऱ्या संघटनेने छाट काढली होती, आणि तिचा चिटणीस मी होतो.

आमच्या कार्यकारिणीपुढे मी ही गोष्ट ठेवली. थोडी कुरकुर झाली: "एवढ्याशा तुकड्याचे काय पैसे?" मी म्हणालो, एका विडीचेही काय पैसे असे मालक म्हणे, तेव्हा आपण काय उत्तर देत होतो ते आठवा. तिघांनाही मजुरी दिली, उशिरा का होईना, आणि फितीच्या शेवटी तिघांची नावे घातली. शिवाय ठराव केला की, यापुढे संघटना कोणाकडूनही फुकट वानगी करून मागणार नाही. आधीची कामे पाहील. नवी वानगी हवी असेल, तर तिची मजुरी देईल. आज या सभागृहात संस्थाचालक आहेत, व्यापारी आहेत, पुढल्या वर्षी घरी कार्य असलेले आईबाप आहेत. त्यांना माझी हीच विनंती आहे. पसंत नसेल तर खुशाल नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पण 'नाही' म्हटल्यावर ती वस्तू तुमची नव्हे.

शेवटचा मुद्दा. मुले मला म्हणतात, "काका, चिठ्ठी, इसार, खूण, सगळं पटतं. पण मी एकट्यानं हे मागितलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं." ही अडचण खरी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. एकट्या हमालाने वाढीव हमाली मागितली, तर दुसरा हमाल उभाच असे. हमाल एकत्र आले, महाराष्ट्रभर लढले, तेव्हा 1969 साली माथाडी कायदा झाला. एकट्या ऊस पिकवणाऱ्याला भाव ठरवता येत नव्हता. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचाच कारखाना उभा राहिला. याच नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात नागराज मंजुळे शिकले आणि त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे कसब आपल्याकडे आहे. उणीव आहे ती रिवाजाची.

म्हणून तालुक्यातालुक्यातल्या चित्रणवाल्यांनी एकत्र बसावे आणि एकच चिठ्ठी छापावी. संगमनेरला जी, तीच श्रीरामपूरला, तीच पाथर्डीला. एकाने मागितली तर ती अट वाटते. सगळ्यांनी मागितली तर ती रीत होते. सराफाकडे पावतीशिवाय दागिना मिळत नाही, म्हणून कोणी सराफावर रागावत नाही. तसेच याचे होईल.

त्या पोराचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्या संस्थेकडून त्याला एक पैसाही मिळाला नाही. मी ते खोटे सजवून सांगणार नाही. पण गेल्या महिन्यात त्याच्याकडे श्रीगोंद्याहून एक काम आले. त्याने चाळीस सेकंदांची वानगी केली, मधोमध खूण घातली, चिठ्ठी जोडली. मान्य असल्याचे उत्तर आले, तेव्हा परवलीचा शब्द फोनवर सांगितला. दोन दिवसांनी इसार आला. ते सांगायला तो आईला घेऊन आमच्या कचेरीत आला. मी म्हटले, "अक्का, या वेळी छाट नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही भाऊ. या वेळी कार्डावर नोंद आहे."